निळ्या गाडीचा लिलाव

आमच्या चामटोलीच्या घरापुढे खळं होतं, खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी, आणि उडवीला लागून बाबांनी बैलांसाठी पत्र्याची पडवी काढली होती. बैल विकले त्या वर्षी पडवी रिकामी झाली आणि माझ्या भावाने, विलासदादाने, तिथे मोटार आणून ठेवली. चालवत आणली नाही. एका खेपेला टेम्पोतून तिचा सांगाडा आला, दुसऱ्या खेपेला चाकं आणि समोरची जाळी, आणि इंजिन तर भातकापणी उरकल्यावर, गोणपाटात गुंडाळलेलं. माणसं ते धरून उतरवत होती तेव्हा आई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, ह्यात काय मेलेलं जनावर आणलंस का. दादा हसला आणि म्हणाला, तसंच समज.

गाडी विलायती होती, बाबांच्या जन्माच्याही आधीची. तिच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते आमच्या घरात कोणालाही नीट म्हणता येत नसे आणि दादा सोडून कोणी म्हणायचा प्रयत्नही केला नाही. आई तिला 'ती' म्हणायची. 'तिचेवर वाळवण नको घालू, विलास ओरडंल.' 'तिचे आत कोंबडी शिरली बघ.' बाहेरच्या माणसाला वाटावं घरात एखादी थोरली सूनच आहे.

दादा अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होता. सायकलने जायचा, सायकलने यायचा, आणि रविवारी कॅम्पात जायचा. उल्हासनगरला आमच्याकडची जुनी माणसं कॅम्पच म्हणत, कारण लढाईच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती. छावणीच्या जुन्या बराकींपैकी एकीत लछूशेठचं भंगाराचं दुकान होतं. लछूशेठ सिंधी, अंगाने आडवा, बोलायला गोड. त्याच्या वडिलांनी फाळणीनंतर तिथे बस्तान मांडलं तेव्हापासून ती गाडी त्यांच्या मागच्या अंगणात पडून होती. कोणा गोऱ्या साहेबाची होती म्हणत, कोणी म्हणत संस्थानिकाची. खरं काय ते कोणाला ठाऊक नव्हतं. लछूशेठने ती दादाला लोखंडाच्या भावाने दिली. दादा सांगायचा, गाडीचं अंग काट्यावर मावेना म्हणून दारं वेगळी तोलली, मडगार्डं वेगळी तोलली, मग बेरीज केली. हे सांगताना त्याला फार मजा वाटायची. मला त्या वेळी त्यात मजेचं काय ते कळलं नव्हतं.

घरातल्या संध्याकाळी मला आवाजांनी आठवतात. अंबरनाथच्या कुठल्या तरी कारखान्याचा भोंगा वारा तिकडून असला की आमच्यापर्यंत यायचा. तो झाला की थोड्या वेळाने दादाच्या सायकलची घंटी वाजायची, मग हातपाय धुण्याचं पाणी, मग चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज. आई तांदळाची भाकरी थापायची, पाण्याच्या हाताने, पातळ आणि मोठी, आणि तिचा तळहात भाकरीवर पडत असतानाच पडवीतून हातोडीचा आवाज सुरू व्हायचा. दादा पत्रा सरळ करत असायचा. तो लाकडी हातोडीने हळूहळू ठोकायचा, खाली वाळूची पिशवी ठेवून, त्यामुळे आवाज कर्कश नसायचा, ओल्या जमिनीवर फणस पडावा तसा असायचा. आई थापतेय आणि दादा ठोकतोय, आणि मधे बाबा ओटीवर बसून दोर वळताहेत, असं आमचं घर. बाबा फार बोलत नसत. त्यांचं सगळं लक्ष शेताकडे आणि आभाळाकडे. गाडीबद्दल त्यांनी बरं-वाईट काही म्हटल्याचं मला आठवत नाही. फक्त एकदा, दादा घरी नसताना, मी त्यांना तिच्या मडगार्डावरून हात फिरवताना पाहिलं, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्यांनी हात धोतराला पुसला.

जेवायला दादाला हाक मारून मारून आई दमायची. वालाचं बिरडं असलं तर तो पहिल्या हाकेला यायचा, एरवी नाही. त्याच्या बोटांना ग्रीसचा वास असायचा, तो काही केल्या जात नसे, आणि आई त्याच्या ताटातल्या भाकरीवर उमटलेले काळे ठसे पाहून तोंड वाकडं करायची. कोंबड्यांनी मागची सीट आपली मानली होती. सीट म्हणजे तेव्हा नुसता काथ्या आणि स्प्रिंगा. मी रोज सकाळी दार उघडून अंडी काढायची. शाळेतल्या मैत्रिणींना मी सांगायची की आमच्या कोंबड्या मोटारीत अंडी घालतात, आणि त्या मला खोटारडी म्हणायच्या.

किती वर्षं तो त्या गाडीला लागला होता ते मोजायला गेले तर माझं शाळेतलं निम्मं आयुष्य त्यात जाईल. सीटा कॅम्पातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने शिवून दिल्या. लछूशेठ दर रविवारी काही ना काही शोधून ठेवायचा, आणि एखादा भाग अगदीच कुठे मिळाला नाही तर दादा कारखान्यातल्या मित्राकडून तो घडवून घ्यायचा. शेवटी रंग. दादाने रंग निळा दिला. गडद नाही, फिका नाही, लग्नात सिंधी बायका नेसत तसला उजळ, चकचकीत निळा. मशीन भाड्याने आणलं होतं, आणि तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधून तो दिवसभर फवारत होता. उडवीचा पेंढा एका बाजूने निळा झाला. एक कोंबडी निळी झाली. आई हसून हसून ओटीवर बसली. तिला तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

गाडी चालू झाली त्या आठवड्यात तो आम्हाला अंबरनाथच्या देवळाला घेऊन गेला. बाबा पुढे, आई आणि मी मागे. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. आई पदर दातांत धरून खाली वाकून बसली होती, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून. बदलापूर गाव ओलांडल्यावर ती सरळ बसली. मग तिने काचेला डोकं टेकवलं आणि देवळापर्यंत तसंच ठेवलं. परत येताना दादाने विचारलं, आये, कशी हाय? ती म्हणाली, हाय बरी. दादा एवढ्यावर खूश होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दादाला कावीळ झाली. आमच्याकडे कावीळ म्हणजे डॉक्टरचा रोग समजत नसत. आईने त्याला वांगणीकडच्या एका माणसाकडे नेलं, त्याने गळ्यात काड्यांची माळ घातली आणि माळ जसजशी लांब होईल तसतसा रोग उतरेल म्हणून सांगितलं. माळ लांब होत गेली. आई ती रोज बघायची आणि आम्हाला दाखवायची. दादाचे डोळे मात्र पिवळेच राहिले, मग तो असंबद्ध बोलायला लागला, मग बाबांनी त्याला दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. तो गेला तेव्हा माळ त्याच्या बेंबीपर्यंत आलेली होती. ह्याहून जास्त मला त्या दिवसांविषयी लिहिता येत नाही. लिहायचं नाही असं नव्हे. आठवायला बसले की समोर काही उभंच राहत नाही, फक्त ती माळ.

मी रडले नाही. लोक आले, बायकांनी आईच्या गळ्यात पडून आकांत केला, आणि मी मागच्या दारी भांडी घासत होते. कोणीतरी म्हणालं, पोरगी दगड झाली. खरं सांगायचं तर मला तेव्हा दगड झाल्यासारखंही वाटत नव्हतं. भांडी घासली, पालथी घातली, वाळली, पुन्हा घेतली. आईचंही तसंच. बारा-तेरा दिवसांचं सगळं उरकलं आणि घरात आम्ही तिघंच राहिलो तेव्हा ती उठून कामाला लागली, पण आमटीत मीठ नसायचं. कधी दुप्पट असायचं. बाबा जेवायचे, मी जेवायची, कोणी काही म्हणायचं नाही. मला वाटतं आम्हाला कळतच नव्हतं. मी ते चुलत्यांच्या घरची एक बाई जेवायला बसली आणि तिने पहिल्याच घासाला ताट सरकवलं तेव्हा ओळखलं. बाबा दोर वळत राहिले. घरात बैल नव्हते, गाय एकच, तरी दोर वाढत गेला, आणि ते त्याची वेटोळी करून खुंटीला टांगत गेले. कोंबड्या मात्र रोज मागच्या सीटवर, त्या नव्या शिवलेल्या सीटवर, अंडी घालत होत्या. मी रोज सकाळी दार उघडून अंडी काढत होते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास लछूशेठ आला. तो दादाच्या दिवसांनाही येऊन गेला होता म्हणतात, मला आठवत नाही. ह्या वेळी तो ओटीवर बराच वेळ टोपी हातात घेऊन बसला. मग त्याने आपल्या हिंदी-मराठीच्या मिसळीत हळूहळू सांगायला सुरुवात केली. मुंबईत जुन्या मोटारींचा लिलाव भरणार होता. मोठे लोक येतात, कारखानदार, हॉटेलवाले, राजे लोक. ज्या गाड्या आपण भंगार म्हणून तोलतो त्यांना तिथे नावाने भाव लागतो. त्याने कोणाकडे तरी आमच्या गाडीचं वर्णन केलं होतं आणि तो माणूस ती बघायला यायला तयार होता. "साईं," तो बाबांना म्हणाला, "मी विलासला ती लोखंडाच्या भावाने दिली. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर दिली नसती, झूठ नाही बोलणार. पण आता ती तुमची आहे."

बाबा म्हणाले, बघून जाऊ दे. आई आत होती. ती बाहेर आली नाही.

बघायला आले ते सोराबजी, एक म्हातारे पारशी गृहस्थ, पांढरी पँट, पांढरा शर्ट. गाड्यांची किंमत ठरवणं हेच त्यांचं काम होतं. आल्या आल्या त्यांनी बूट काढले, पडवीत शिरले आणि पांढऱ्या कपड्यांनिशी शेणाच्या जमिनीवर उताणे झोपून गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला पेंढा लागला होता आणि चेहरा बदललेला होता. त्यांनी चहा घेतला, मग बाबांना आणि मला समजावून सांगितलं. मी बारावीला होते, म्हणून ते अधूनमधून माझ्याकडे बघत. ह्या गाडीचं यंत्र एका कंपनीचं, पण वरचं अंग वेगळ्या कारागिरांनी हाताने बांधलेलं, आणि असं अंग असलेल्या गाड्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्यात. घेणारे लोक वेडे असतात, ते म्हणाले. त्यांना गाडी चालते का ह्याच्याशी घेणंदेणं नसतं. ती कारखान्यातून निघाली तशी आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं. फाटकी असली तरी चालेल, पण जुनी पाहिजे. नवीन केलेली त्यांना आवडत नाही. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतल्या कोपऱ्यात नखाने खरवडून दाखवलं. निळ्याखाली गडद लाल होता, वाळलेल्या कोकमासारखा.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुंबईहून ते माणूस पाठवतील, निळा उतरवतील, तो जुना लाल देतील. त्याचा खर्च विक्रीतून वळता करता येईल. मग भाव बराच चढेल. निळ्यातच लिलावाला गेली तर लोक नाक मुरडतील. काम फार छान केलंय, ते दोनदा म्हणाले, पण रंग गाडीचा नाही.

बाबा म्हणाले, करा तसं. त्या काळात त्यांना कोणी काहीही विचारलं तरी ते हेच म्हणत. शेत अर्धेलीने द्यायचं का? करा तसं. गाय विकायची का? करा तसं.

तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "नाय."

ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोणाला कळलं नव्हतं. हातावर तांदळाचं पीठ होतं. सोराबजी उठून उभे राहिले. आई त्यांच्याकडे न बघता गाडीकडे बघून बोलली. "विकायची तं विका. मना काय म्हनायचा नाय. पन रंग नाय काढायचा. त्याचे हातचा हाय."

सोराबजींनी अगदी हळू आवाजात तिला सांगितलं की अशाने किंमत पडेल. बरीच पडेल.

"पडू दे," आई म्हणाली, आणि आत गेली. थोड्याच वेळात भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला.

जाण्याआधी सोराबजींनी बाबांना आणखी एक गोष्ट विचारली. लिलावात मालकाने एक किंमत आधी ठरवून ठेवायची असते, त्याच्या खाली बोली थांबली तर गाडी द्यायची नाही. तुमची अशी किंमत कोणती? बाबांनी एकदा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तशी काय नाय." सोराबजींना वाटलं त्यांना प्रश्न समजला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सोपं करून विचारलं. मला माहीत होतं की बाबांना तो पहिल्या वेळीच समजला होता. शेवटी सोराबजींनी स्वतःच एक आकडा ठरवला.

माझ्या मुलाने मागच्या वर्षी मोबाइलवर मला एक फोटो दाखवला. परदेशात तशीच एक गाडी लिलावात गेली होती. लाल, तिच्या मूळच्या रंगात. खाली लिहिलेल्या आकड्याची शून्यं मला नीट मोजताही आली नाहीत. मुलगा म्हणाला, तुम्हाला लुटलं गं आई. मी म्हटलं, नाही रे, कोणी लुटलं नाही. तो इंजिनीअर आहे, त्याने मला महागाईचा हिशोब घालून दाखवायला सुरुवात केली, आणि मी चहा ठेवायला उठले.

लिलाव हिवाळ्यात होता. लछूशेठने त्याच्या ओळखीचा ट्रक आणला. गाडी वर चढवून दोरांनी बांधली, आणि दोर बाबांचेच होते, त्या खुंटीवरचे. बाबा मागे गाडीपाशी बसले, आई आणि मी पुढे ड्रायव्हरजवळ, लछूशेठ दाराला. निघताना शेजारपाजारचे लोक खळ्यात जमले होते. आईने कोंबड्यांना दाणे टाकले, दाराला कडी घातली आणि ट्रकमध्ये चढली, बाजाराला जावं तशी.

मुंबईला समुद्राच्या बाजूला एका हिरवळीवर मोठा शामियाना घातला होता. गाड्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीसमोर क्रमांकाची पाटी. पितळी दिवे, पांढरी चाकं, लाकडी पट्ट्या, आणि सगळे रंग कसे दबके, काळे, करडे, तपकिरी. त्यांच्यामध्ये आमची निळी दुरूनच दिसत होती. लोक तिच्याजवळ यायचे, वाकून बघायचे, बोटाने टिचकी मारायचे आणि पुढे जायचे. आम्हाला मागच्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. कोणीतरी आईला सरबताचा ग्लास दिला, तो तिने शेवटपर्यंत हातात धरून ठेवला.

एकेक गाडी पुकारली जायची. पुकारणारा माणूस उंच, कोटातला, इंग्रजीत भराभर बोलणारा. हातातल्या पाट्या वर जायच्या, खाली यायच्या, आकडे चढायचे, मग हातोडी आपटली की टाळ्या. एका संस्थानिकाची गाडी गेली तेव्हा लोक उभे राहिले. मी आईला सांगत होते, ही अमुक राजाची होती, ही तमुक लाखाला गेली. ती मान हलवायची. मी काय सांगत होते ते मलाही कळत नव्हतं. ते आकडे मला शाळेच्या फळ्यावरच्या गणितासारखे वाटत होते.

आमची शेवटी शेवटी आली. पुकारणाऱ्याने अंग बांधणाऱ्या कारागिरांचं नाव घेतलं तेव्हा पुढच्या रांगांत कुजबुज झाली. मग त्याने रंग नवा आहे, मूळचा नाही, असं सांगितलं, आणि त्यावर काहीतरी गंमत केली. अशा निळ्यात ही एकटीच असेल जगात, अशासारखं काहीतरी. लोक हसले. आईने माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हनतो? मी म्हटलं, अशी दुसरी नाही म्हणतो. ती म्हणाली, "बरा."

बोली सुरू झाली आणि लगेच अडकली. पुकारणारा तोच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होता. लछूशेठ खुर्चीच्या टोकाला आला होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मी बाबांकडे पाहिलं. ते शामियान्याच्या बांबूकडे बघत होते, गाठी कशा मारल्यात ते. मग काठी घेतलेल्या एका म्हाताऱ्याने पाटी वर केली, आणि पलीकडून काळा चष्मा लावलेल्या एका तरुण माणसाने. त्या दोघांत थोडा वेळ चाललं. म्हातारा प्रत्येक वेळी विचार करून, तरुण लगेच. सोराबजींनी ठरवलेल्या आकड्याच्या थोडं वर जाऊन म्हातारा थांबला आणि त्याने मान हलवली. हातोडी आपटली.

तो आकडा आज सांगितला तर कोणी मान वर करून बघणार नाही. आमच्या गावात तेव्हा तेवढे पैसे कोणी एका जागी पाहिले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लछूशेठने वाजवल्या. आणि मी पाहिलं की आईही वाजवते आहे. सरबताचा ग्लास मांडीत धरून, तळहातावर तळहात, सगळे वाजवताहेत म्हणून. सगळे थांबले तेव्हा तीही थांबली.

कागदांवर सह्या झाल्यावर तो तरुण माणूस बाबांना भेटायला आला. मालक कोण हे त्याला सोराबजींनी दाखवलं असावं. चांगला हसरा मुलगा होता, दादापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. त्याने बाबांचा हात हातात घेऊन हिंदीत आनंद सांगितला, लहानपणापासून त्याला अशी गाडी हवी होती म्हणाला. आणि मग गाडीकडे बघून हसत म्हणाला, "सबसे पहले तो ये नीला उतरवाऊँगा."

आईला तेवढं हिंदी कळत होतं. मी तिच्याकडे बघायला घाबरले. ती दोन पावलं पुढे गेली, गाडीच्या डाव्या बाजूला, आणि तिच्या मोडक्या हिंदीत त्याला म्हणाली, "उतारो. तुम्हारी है अब." मग तिने दाराला हात लावला. "ये दरवाजा थोडा ऊपर उठाके लगाने का. नहीं तो लगता नहीं."

त्याने दार उघडलं, तिने सांगितलं तसं किंचित उचललं आणि लावलं. दार बसलं. तो खूश झाला. पुन्हा उघडून, पुन्हा लावून पाहिलं. मग त्याने सहज विचारलं, एवढं सगळं काम केलं कोणी?

"लडके ने," आई म्हणाली.

"आपके बेटे ने? कहाँ है वो? मिलवाइए ना."

बाबांनी मान खाली घातली. लछूशेठ पुढे व्हायला लागला, पण त्याच्या आधी आईने उत्तर दिलं होतं, अगदी रोजच्या आवाजात. "काम पे गया है."

तो म्हणाला, अच्छा, मेरा नमस्ते कहिएगा. आई म्हणाली, हां. त्याला आजही माहीत नसेल.

त्या पैशांतून पुढे घराच्या भिंती पक्क्या झाल्या, विहिरीवर पंप बसला, आणि मी नर्सिंगला गेले. आयुष्यभर मी ज्या पगारावर जगले तो त्या गाडीतून निघाला, असं म्हणायला हरकत नाही. रडायला मला पुढे केव्हातरी आलं, वॉर्डात, एका अगदी परक्या म्हातारीच्या खाटेशी, काही कारण नसताना. सिस्टरांनी मला बाहेर नेऊन बसवलं. पण ते फार नंतरचं.

लिलावाहून आम्ही त्याच ट्रकने परत निघालो. शीळ फाट्याला ड्रायव्हर चहाला थांबला. ऊन उतरायला आलं होतं. लछूशेठने सगळ्यांना भजी घेतली, बाबांनी खाल्ली, मी खाल्ली. परत निघताना आई पुढे चढली नाही. ती ट्रकच्या मागे गेली, फळी धरून, पाय रोवून, नऊवारीचा ओचा सावरत वर चढली आणि मोकळ्या ट्रकमध्ये मधोमध जाऊन बसली. लछूशेठ म्हणाला, भाभी, धूळ लागेल, पुढे बसा. तिने नुसती मान हलवली. बाबा पुढे जाऊन बसले. मी तिच्याजवळ चढले.

ट्रक चालू झाल्यावर पदर डोक्यावर राहीना. एरवी ती तो शंभरदा सावरायची, त्या दिवशी तिने जाऊ दिला. तिचे केस सुटले, तोंडावर यायला लागले. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, लांब मलंगगडाचा डोंगर, मग अंबरनाथच्या कारखान्यांचा तो आंबट वास. ती मागे, आम्ही सोडून आलो त्या रस्त्याकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर, आणि बदलापूर येईपर्यंत हलली नाही. मी तिचा चेहरा बघत होते, की आता रडेल, आता काही बोलेल. काही झालं नाही.

बऱ्याच वर्षांनी, बाबा गेल्यानंतर, ती माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा एका दुपारी मी तिला विचारलं, त्या दिवशी ट्रकमध्ये तू मागे का बसलीस? काय येत होतं मनात? ती वाल सोलत होती. तिने हातातला दाणा बोटांत धरून नीट आठवून पाहिलं, टाळल्यासारखं नाही, खरंच आठवून पाहिलं.

"काय नाय ग," ती म्हणाली. "वारा लागत होता."